अमेरिकेच्या पश्चिमेत मे महिन्यातले पक्षी : गाडीने फिरण्याच्या मार्गाबद्दल सल्ला हवा आहे

दयाळ :

नमस्कार. एप्रिलच्या अखेरीस आम्ही दोघे नवरा-बायको अमेरिकेच्या पश्चिम भागात गाडीने फिरून पक्षी पाहण्याचा आणि त्यांची छायाचित्रे काढण्याचा बेत करत आहोत. आम्ही न्यू जर्सीत राहतो. पूर्व किनाऱ्यावरचे वॉर्बलर आणि पाणपक्षी बऱ्यापैकी परिचयाचे झाले आहेत, पण रॉकी पर्वताच्या पलीकडचा पक्षी अजून एकही पाहिलेला नाही. मेच्या मध्यापर्यंत वेळ आहे.

ढोबळ आराखडा असा आहे. लॉस एंजेलिसला उतरून सॉल्टन सी, तिथून टूसॉन आणि आग्नेय ॲरिझोना, मग न्यू मेक्सिकोतील बोस्के देल अपाचे, तिथून वळून ग्रँड कॅन्यन, पुढे मोनो लेक आणि शेवटी टायोगा खिंड ओलांडून योसेमिटीमार्गे मॉन्टेरेचा किनारा. वाळवंट, डोंगरातल्या दऱ्या, खारे तलाव आणि समुद्र असे सगळे अधिवास एकाच फेरीत पाहता यावेत, हा यामागचा विचार आहे.

माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि १५०-६०० मिमीची झूम लेन्स आहे. तिवई सोबत घ्यावी की नाही, हे ठरत नाही. सौ. छायाचित्रे काढत नाही, दुर्बीण घेऊन शांतपणे बघत बसणे तिला आवडते. मात्र कॅलिफोर्निया कॉन्डोर हा गिधाडासारखा महाकाय पक्षी मोकळ्या आकाशात पाहायचाच, ही तिची एकमेव अट आहे. मला हमिंगबर्ड हवे आहेत. या मार्गात काय ठेवावे आणि काय गाळावे?

टिटवी :

दयाळ, तुमच्या यादीतले प्रत्येक ठिकाण उत्तम आहे, पण ती सगळी एकाच महिन्यात उत्तम नसतात. अंतर ही गोष्ट गाडी हाकून निभावता येते. हंगामाचे तसे नाही.

बोस्के देल अपाचे ज्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे ते सँडहिल क्रौंच आणि स्नो गूज साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच तिथे असतात. पहाटे हजारो पक्षी एकदम पाण्यावरून उठण्याचा जो सोहळा छायाचित्रांत पाहून आपण भारावतो, तो मे महिन्यात नसतो. त्या वेळी ते क्रौंच दूर उत्तरेत विणीच्या प्रदेशात असतात. केवळ त्यासाठी न्यू मेक्सिकोत वळसा घालण्यात अर्थ नाही. सॉल्टन सीचेही काहीसे तसेच आहे. १९०५ मध्ये कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याचा बांध फोडून खोलगट वाळवंटात शिरले आणि हा तलाव तयार झाला. तो समुद्रसपाटीच्या दोनशेहून अधिक फूट खाली आहे, मेमध्ये तिथे पारा शंभर अंश फॅरनहाइटच्या पुढे सहज जातो, आणि ज्या यलो-फूटेड गल नावाच्या कुरवासाठी लोक तिथे उन्हाळ्यातही घाम गाळत जातात, तो वीण आटोपून साधारण जूननंतर कॅलिफोर्नियाच्या आखातातून वर येतो. कालव्यांच्या काठी बिळे करून राहणारे बरोइंग आउल मात्र तिथे बारमाही असते. ते आपल्या पिंगळ्याच्याच प्रजातीगटातले, पण लांब पायांचे आणि भरदिवसा बिळाच्या तोंडाशी उभे राहणारे घुबड आहे. तेवढ्यासाठी जायचे तर जा.

मोनो लेकच्या बाबतीत मन मोडणे मलाही जड जाते. लॉस एंजेलिस शहराने १९४१ पासून त्याला मिळणाऱ्या ओढ्यांचे पाणी वळवले, तलाव आटत गेला, आणि १९९४ मध्ये राज्याच्या जलमंडळाने पातळी वाढवण्याचा आदेश दिला, ही त्या लढ्याची सगळी कथा पाण्यातून वर आलेल्या चुनखडीच्या मनोऱ्यांवर लिहिलेली दिसते. तिथे जे पक्षी लाखांनी जमतात ते काळ्या मानेच्या पाणडुब्या शरद ऋतूत आणि विल्सन्स फॅलरोप जुलै-ऑगस्टमध्ये. मेमध्ये कुरव बेटांवर अंड्यांवर बसलेले असतात आणि कैकर त्या मनोऱ्यांच्या टोकांवर घरटी करतात. गंमत अशी, की या तलावात मासाच नाही. कैकर आसपासच्या गोड्या तलावांतून मासे पकडून आणतात. पाहण्यासारखे आहे, पण पुढचा रस्ता बंद असेल. टायोगा खिंड ९,९४३ फुटांवर आहे आणि तिथला बर्फ हटवून रस्ता खुला होईपर्यंत बहुतेक वर्षी मेची अखेर किंवा जून येतो; २०२३ मध्ये तर जुलै उजाडला होता. म्हणजे मॉन्टेरेला पोहोचण्यासाठी सिएरा नेवाडाला लांबचा वळसा घालावा लागेल.

माझी सूचना अशी, की कॅलिफोर्निया पूर्ण गाळावा, टूसॉनला उतरावे आणि सॉल्ट लेक सिटीहून परतावे. आग्नेय ॲरिझोनात अधिवास बदलण्यासाठी शेकडो मैल जावे लागत नाही, फक्त उंची बदलावी लागते. तिथले डोंगर वाळवंटाच्या समुद्रात बेटांसारखे उभे आहेत, म्हणूनच त्यांना आकाशबेटे म्हणतात. टूसॉनच्या ईशान्येकडून माउंट लेमनवर जाणारा सुमारे २७ मैलांचा पक्का रस्ता सग्वारो निवडुंगांतून निघतो, ओक आणि जुनिपरमधून चढत जातो आणि नऊ हजार फुटांच्या आसपास फर व पाइनच्या थंड जंगलात संपतो. पायथ्याशी गिला सुतार आणि कॅक्टस रेन, माथ्याकडे रेड-फेस्ड वॉर्बलर आणि यलो-आइड जंको, हे सगळे एकाच सकाळी शक्य आहे. मात्र आधी माथा गाठावा की पायथा, यावर वाद आहेत. माझे मत विचाराल तर पायथ्यावर ऊन लवकर तापते, म्हणून पहाट तिथे घालवावी आणि उन्हाबरोबर वर सरकावे.

पुढे सांता रीटा डोंगरातील मदेरा कॅन्यन आणि चिरिकावा डोंगरातील पोर्टल गावाजवळचे केव्ह क्रीक कॅन्यन, या दोन ठिकाणी मुक्काम हवेतच. एलिगंट ट्रोगन हा आपल्या कर्ण्याचा भाऊबंद एप्रिलमध्ये मेक्सिकोतून येतो आणि ओढ्याकाठच्या सिकॅमोर झाडांच्या ढोलीत वीण करतो. मेच्या सुरुवातीला नर सतत बोलत असतो, त्यामुळे तो आधी कानाला सापडतो आणि मग डोळ्याला. टूसॉनहून पोर्टल सुमारे १५० मैल आहे. तिथे फोनला रेंज मिळेल असे धरून चालू नये. पक्षी ओळखण्याच्या मर्लिन ॲपमधील ॲरिझोनाच्या पक्ष्यांची माहिती आणि नकाशे आधीच उतरवून घ्यावेत, आणि इंधनाची टाकी वाटेतल्या मोठ्या गावात भरून घ्यावी.

कवड्या :

टिटवीच्या उत्तरातील मार्गाबद्दल मला काही जोडायचे नाही, म्हणून फक्त छायाचित्रणाचे लिहितो.

क्रॉप सेन्सर आणि ६०० मिमी ही जोडी या सहलीसाठी पुरेशी आहे. तुमची अडचण पोहोच नसेल, हवा असेल. वाळवंटात सकाळी आठ-नऊनंतर जमीन तापते आणि तापलेल्या हवेच्या थरांतून आलेला प्रकाश थरथरतो. अशा वेळी दूरच्या पक्ष्याची कितीही छायाचित्रे काढली तरी पिसांचा तपशील मिळत नाही, आणि घरी येऊन माणूस उगाच लेन्सला दोष देतो. त्यावर उपाय एकच, सूर्योदयापासूनचे पहिले दोन-अडीच तास जवळच्या पक्ष्यांसाठी राखून ठेवावेत आणि गाडी हाकण्याचे काम दुपारकडे ढकलावे. हाच थरथराट गाडीच्या खिडकीतही तयार होतो. आत हीटर किंवा एसी चालू असेल आणि बाहेरचे तापमान वेगळे असेल, तर काच उघडताच दोन हवा लेन्सच्या तोंडाशीच मिसळतात. म्हणून थांबण्यापूर्वी काही मिनिटे तो बंद करून काचा खाली करून ठेवाव्यात.

तिवई मी नेणार नाही. सीटमागून ती काढेपर्यंत पक्षी उडालेला असतो, आणि या सगळ्या मार्गात गाडीइतके चांगले लपण दुसरे नाही. दार उघडून माणूस उतरला की पक्षी पळतात. तोच माणूस आत बसून राहिला तर रोडरनर हा जमिनीवर धावणारा पक्षीसुद्धा बंपरजवळून सरडा तोंडात धरून जातो. खिडकीच्या कडेवर ठेवायची कापडी पिशवी विमानातून रिकामी न्यावी आणि उतरल्यावर किराणा दुकानातून घेतलेल्या तांदळाने किंवा राजम्याने भरावी. इंजिन बंद करावे, कारण त्याची थरथर ६०० मिमीवर स्पष्ट दिसते. गाडी थांबवताना ती पूर्णपणे रस्त्याच्या बाहेर असावी, हे सांगण्याची वेळ यायला नको, पण माउंट लेमनच्या वळणांवर रस्त्यातच थांबलेले छायाचित्रकार दिसतात म्हणून सांगतो.

एक गोष्ट चुकवू नका. सग्वारोला एप्रिलच्या अखेरीपासून फुले यायला लागतात. ती पांढरी, जाड पाकळ्यांची फुले रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात. सकाळी त्यांच्यावर व्हाइट-विंग्ड डव्ह हे होले आणि गिला सुतार मध पिण्यासाठी येतात, आणि डोके आत घालून बाहेर काढले की चोचीपासून कपाळापर्यंत पिवळ्या परागाचा लेप बसलेला असतो. फुले उंच खोडाच्या टोकाला असल्यामुळे खालून काढलेल्या चित्रात पार्श्वभूमीला फिकट आकाश येते आणि पक्षी काळा पडतो. त्यासाठी रस्ता जिथे उतारावरून जातो आणि निवडुंगाचे टोक आपल्या डोळ्यांच्या पातळीत येते अशी जागा शोधावी. माउंट लेमनच्या खालच्या टप्प्यात गाडी थांबवण्यासाठी केलेल्या जागांवरून ते जमते. त्याच निवडुंगात गिला सुतारांनी कोरलेल्या जुन्या ढोलींत एल्फ आउल राहते. चिमणीपेक्षा थोडे मोठे, जगातील सर्वांत लहान घुबडांपैकी एक. संधिप्रकाशात ते ढोलीच्या तोंडाशी येते. तेव्हा फ्लॅश न वापरता आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवून जेवढे मिळेल तेवढे घ्यावे. दाणेदार चित्र चालते.

दयाळ :

दोघांचेही मनापासून आभार. आराखडा आता असा बदलला आहे : टूसॉन, माउंट लेमन, मदेरा कॅन्यन, पोर्टल, तिथून उत्तरेला ग्रँड कॅन्यनचा परिसर आणि शेवटी युटा. तीन शंका उरतात. कॉन्डोरसाठी ग्रँड कॅन्यनमध्ये नेमके कुठे थांबावे? युटात ग्रेट सॉल्ट लेकच्या कोणत्या काठावर जावे? आणि हमिंगबर्डसाठी मे योग्य आहे, की तिथेही हंगाम आडवा येतो?

शेकाट्या :

माझे मत थोडे वेगळे आहे, म्हणून लिहितो. एवढ्या वेळात मी ॲरिझोना सोडलेच नसते. चिरिकावा, वाचुका आणि सांता रीटा या तीन डोंगररांगांत उंचीप्रमाणे पक्षी इतके बदलतात, की एकेका दरीला दोन-दोन सकाळी दिल्या तरी त्या पुरत नाहीत, आणि छायाचित्रणात पहिली सकाळ जागा समजून घेण्यात जाते, चित्र दुसऱ्या सकाळी मिळते. पोर्टल ते ग्रेट सॉल्ट लेक हे अंतर नकाशावर दिसते त्यापेक्षा अंगावर येते. कॉन्डोर ही घरातली अट आहे हे मान्य, त्यामुळे उत्तर ॲरिझोनापर्यंत जाणे आले. पण तिथून फिनिक्सला परतून विमान पकडता येईल आणि वाचलेले दिवस सिएरा विस्टाजवळच्या रॅम्झी कॅन्यनला देता येतील.

दुसरी गोष्ट आवाजाची. ट्रोगनला मोबाइलवरून त्याचीच साद ऐकवून समोर आणण्याचा मोह होतो. केव्ह क्रीकच्या साउथ फोर्क भागात ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्यास मनाई आहे, आणि जिथे फलक नाही तिथेही मी तो वाजवू नये असेच म्हणेन. विणीच्या दिवसांत नर त्या नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हाकलण्यासाठी घरटे सोडून येतो. दिवसभरात असे वीस लोक आले तर त्याने पिल्लांना भरवायचे कधी? ओढ्याकाठी एका जागी बसून राहिलात तर तो त्याच्या मार्गाने डोक्यावरून जातोच. तुमच्या सौ.ची बघत बसण्याची पद्धत तिथे कॅमेऱ्यापेक्षा जास्त फळ देईल, असा माझा अंदाज आहे.

टिटवी :

शेकाट्यांचा मुद्दा रास्त आहे, आणि जे फक्त छायाचित्रांसाठी जातात त्यांना मीही तेच सांगेन. पण दयाळ यांना खाऱ्या पाण्याचा अधिवासही पाहायचा आहे, आणि मेमध्ये तो युटात ऐन बहरात असतो, म्हणून मी माझ्या सूचनेवर कायम आहे.

कॉन्डोरसाठी ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरही संधी असते, पण माझी पहिली पसंती मार्बल कॅन्यनजवळच्या नवाहो पुलाला आहे. तिथे कोलोरॅडो नदीवर शेजारी-शेजारी दोन पूल आहेत. १९२९ चा जुना पूल आता केवळ पादचाऱ्यांसाठी आहे, आणि त्यावर उभे राहिले की शेजारच्या वाहनांच्या पुलाखालचे पोलादी तुळयांचे जाळे समोर दिसते. कॉन्डोर त्या तुळयांवर येऊन बसतात. पाण्यापासून पूल ४६७ फूट उंच असल्यामुळे कधी कधी तो महाकाय पक्षी आपल्या पायांखालून जातो, आणि साडेनऊ फुटांचा पंखविस्तार वरून पाहायला मिळतो. प्रौढाचे डोके गुलाबी-नारिंगी आणि पंखांची खालची बाजू पुढच्या कडेला पांढरी असते, तर लहान वयाच्या पक्ष्याचे डोके काळपट असते. पंखांवर क्रमांकाची पट्टी दिसेल. ती पाहून हिरमुसू नका. १९८२ मध्ये या जातीचे जगात अवघे २२ पक्षी उरले होते, १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून पिंजऱ्यातील प्रजननासाठी आणला गेला, आणि ॲरिझोनात १९९६ पासून व्हर्मिलियन क्लिफ्सच्या कड्यांवरून त्यांना पुन्हा सोडायला सुरुवात झाली. आजही शिकारीतील शिशाच्या गोळ्यांचे कण मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जातात आणि तेच त्यांच्या मृत्यूचे मोठे कारण आहे. प्रत्येक पक्ष्यावर नजर ठेवावी लागते ती त्यासाठी.

तिथे घड्याळाचा घोळ होतो, तोही सांगते. ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, पण पुलाच्या पूर्वेकडचा नवाहो प्रदेश पाळतो, आणि युटाही पाळते. त्या टापूत मोबाइल कधी एका तासाने पुढे तर कधी मागे जातो. पहाटेचा गजर मोबाइलच्या आपोआप बदलणाऱ्या वेळेवर सोडू नये.

युटात ब्रिगम सिटीजवळचे बेअर रिव्हर पाणपक्षी आश्रयस्थान गाठा. गाडीतून फिरण्यासाठी तिथे बांधावरून जाणारा १२ मैलांचा कच्चा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना उथळ पाणी आणि वेताची बेटे. अमेरिकन उचाट्या, काळ्या मानेचे शेकाटे, आपल्या मोर शराटीशी सहज गल्लत होईल अशी व्हाइट-फेस्ड आयबिस, आणि वेस्टर्न ग्रीब. या पाणडुब्यांची जोडी मेमध्ये माना वाकवून, अंग पूर्ण पाण्याबाहेर काढून शेजारी-शेजारी पाण्यावरून धावते. धावण्यापूर्वी दोघे एकमेकांसमोर चोची वारंवार पाण्यात बुडवून झटकतात. ते दिसले की कॅमेरा तयार ठेवावा, कारण पुढचा सगळा खेळ काही सेकंदांत संपतो. बांधावर वाहनांची धूळ उडते. तिथे लेन्स बदलू नये.

प्रवेशाचे थोडक्यात : ग्रँड कॅन्यन आणि इतर संघीय जागांसाठी वार्षिक पास घ्यावा. त्याचे दर अमेरिकेतील रहिवाशांसाठी आणि परदेशी पाहुण्यांसाठी आता वेगळे आहेत. २५ डॉलरचा डक स्टॅम्पही घ्यावा, असे मी आवर्जून सांगते. १९३४ पासून चालत आलेल्या या तिकिटाचा जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जागा विकत घेण्यासाठी आणि राखण्यासाठी जातो, आणि प्रवेशशुल्क असलेल्या राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांत तो दाखवून आत जाता येते. टूसॉनच्या दक्षिणेकडे सीमा गस्ती दलाची तपासणी नाकी आहेत, त्यामुळे व्हिसा किंवा ग्रीन कार्डची कागदपत्रे गाडीतच असू द्या. आणि मे हा तिथला कोरडा, वणव्यांचा काळ आहे, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी कोरोनाडो राष्ट्रीय वनाचे कोणते रस्ते बंद आहेत ते पाहून घ्या.

कवड्या :

हमिंगबर्डचा प्रश्न राहिला. जातींची संख्या सर्वाधिक असते ती जुलै-ऑगस्टच्या पावसाळ्यात, पण मे काही रिकामा नसतो. मदेरा कॅन्यनमध्ये ब्रॉड-बिल्ड, ब्लॅक-चिन्ड आणि रिव्होलीज हे तिन्ही दिसायला हरकत नाही, आणि व्हायोलेट-क्राउन्डसाठी पॅटागोनिया गावातील पेटन सेंटरचे अंगण प्रसिद्ध आहे. तिथे बाकांवर बसून दुर्बिणीशिवायही पक्षी दिसतात.

रिव्होलीजच्या नराने तुमची फजिती होऊ शकते. त्याचा कंठ हिरवा आणि डोके जांभळे असे पुस्तकात दिसते, प्रत्यक्षात मात्र बराच वेळ तो निव्वळ काळा दिसतो. तो रंग रंगद्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा असतो, त्यामुळे सूर्य तुमच्या पाठीशी आणि पक्ष्याचे तोंड तुमच्याकडे असेल त्याच क्षणी तो पेटतो. साखरपाण्याच्या भांड्यावर नेम धरून बसण्याऐवजी भांड्याकडे येण्यापूर्वी तो ज्या काटकीवर टेकतो ती शोधावी. प्रत्येक नराची अशी एक लाडकी काटकी असते आणि तो पुन्हा पुन्हा तिथेच येतो. सूर्य पाठीशी घेऊन त्या काटकीवर आधीच फोकस करून ठेवावा. पंख पूर्ण गोठवायचे असतील तर शटर १/४००० च्या पुढे न्यावे लागते, आणि दरीतल्या सावलीत तेवढा प्रकाश नसतो. १/१००० वर डोळा टोकदार आणि पंख धूसर असे चित्र येते, आणि मला तेच जास्त जिवंत वाटते. चार-पाच फ्लॅश लावून, मागे रंगीत पुठ्ठा धरून काढलेली चित्रे मला दुकानातल्या मांडणीसारखी दिसतात, पण ती आवडणारेही पुष्कळ आहेत.

कॉन्डोरसाठी एवढेच : तो आकाशात असेल तर एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त प्रकाश द्या, नाहीतर काळा ठिपका मिळेल. पायांखालून जात असेल तेव्हा मागे सावलीतली दरी असते, तिथे तीच वाढ ठेवलीत तर पंखावरच्या पट्टीचा पांढरा भाग जळून जाईल. म्हणून पुलावर मॅन्युअल मोड वापरा आणि तो बसलेला असताना दोन्हींची मोजमापे घेऊन ठेवा.